डाग कागदावरचा की चेहऱ्यावरचा?

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी, कामरेजला गेले होते. ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: सुरत शहराच्या बाहेर, मुंबई-अहमदाबाद हायवेवर, तापीच्या काठी हे तालुक्याचं गाव आहे. आम्ही मूळचे वसईचे. पप्पांच्या नोकरीमुळे आधी सुरतेत अडाजणला राहिलो आणि मग इथे आलो. आजोबा गेल्यापासून आजीही आमच्याकडेच असते. घरात आजीशी मराठी, शेजारी गुजराती, कॉलेजात इंग्रजी आणि आपल्या मंडळात पुन्हा मराठी, असं माझं चाललेलं असतं.

सुट्टीत मला एक काम लागलं. वसईच्या दफनभूमीत आमच्या घरच्यांची जी कबर आहे, तिचा दगड नवा करायचा होता. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळे नातेवाईक तिथे जमतात, मेणबत्त्या लावतात, फुलं ठेवतात. त्याच्या आत दगड बसवायचा आणि त्यावर माझ्या पणजीचा, म्हणजे आजीच्या आईचा फोटो टाइलवर छापून लावायचा, असं आत्याने ठरवलं. पणजीचा घरात एकच फोटो आहे, आणि तो आमच्याकडे.

तो फोटो पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा. पणजी खुर्चीवर बसलेली, लुगडं नेसलेली, मान थोडी डावीकडे वळवलेली. पाठीवर पेन्सिलीने लिहिलंय, ‘१९५६, ईस्टर’. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि सुरतेत तापीचा पूर आला, तेव्हा आमच्या अडाजणच्या घरात पाणी शिरलं होतं. मी दोन वर्षांची होते, मला काहीच आठवत नाही. मम्मी सांगते की पत्र्याच्या पेटीतले बहुतेक फोटो एकमेकांना चिकटून गेले. हा एक वाचला, पण त्यावर पिवळे ओघळ आले, बुरशीचे ठिपके पडले आणि एक कोपरा गेला.

मी तो चार रस्त्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत घेऊन गेले. दोन दिवसांनी स्टुडिओवाल्या भाईंनी मोठ्या खुशीने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. “डाघ बधा काढी नाख्या छे, जुओ.” सगळे डाग काढून टाकलेत, बघा. खरंच, ओघळ गेले होते, कोपरा भरून आला होता, चेहरा लख्ख उजळला होता. मला पण आवडला. पैसे दिले, प्रिंट घेतली, आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तिचा लगेच निरोप आला, “किती सुंदर दिसते!”

संध्याकाळी तो आजीच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, खिडकीशी नेऊन पाहिला आणि मला विचारलं, “हा फोटो तिला देवी यायच्या आधीचा आहे काय गं?”

पणजीला लहानपणी देवी आल्या होत्या. तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर व्रण होते. आम्ही ख्रिस्ती, तरी आमच्याही घरात त्या रोगाला ‘देवी’च म्हणत, दुसरा शब्दच नव्हता. फोटो १९५६ चा, म्हणजे लग्नानंतरचा, आजी स्वतः तेव्हा आठ वर्षांची होती. हे सगळं तिला पाठ आहे. पण तो गुळगुळीत चेहरा समोर आल्यावर तिने फोटोवर संशय घेतला नाही, स्वतःच्या आठवणीवर घेतला. “मग मीच विसरले असेन,” असं ती म्हणाली तेव्हा मला एकदम काहीतरी चुकल्याची जाणीव झाली.

आम्ही दोघींनी मूळ फोटो भिंगाखाली धरला. व्रण होते. बुरशीच्या ठिपक्यांबरोबर तेही गेले होते.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे. जुना फोटो दुरुस्त करताना पहिला प्रश्न यंत्राचा किंवा पैशांचा नसतो. पहिला प्रश्न असतो, हा डाग कागदावरचा आहे की चेहऱ्यावरचा? आणि त्याचं उत्तर दुकानदार देऊ शकत नाही, सॉफ्टवेअर तर नाहीच नाही. ते घरच्यांनी द्यायचं असतं.

दुकानात बसून पाहिलेलं

दुसऱ्या दिवशी मी परत गेले, जरा तावातावातच. पण भाईंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कामच दाखवायला बसले. त्यानंतर तीन दुपारी मी तिथे काढल्या. त्यामुळे आता मी त्यांना दोष देत नाही.

त्यांचा धंदा आधी समजून घ्या. मोबाइल आल्यापासून स्टुडिओत फोटो काढायला कोण येतं? पासपोर्ट साइझ, झेरॉक्स, कपावर आणि उशीवर फोटो छापणं, यावर दुकान चालतं. जुन्या फोटोंचं काम येतं ते बहुतेक मरणाच्या निमित्ताने. आमच्याकडे गुजराती घरांत माणूस गेल्यावर ‘बेसणुं’ असतं. लोक भेटायला येतात, हार घातलेला मोठा फोटो समोर ठेवलेला असतो, पेपरात फोटोसह जाहिरात दिलेली असते. माणूस सकाळी जातो, बेसणुं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. घरात मोठा फोटो नसतोच. मग कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून डोकं कापून घ्यायचं, बाजूच्याचा खांदा पुसायचा, अंगात कोट घालायचा, मागे निळा रंग द्यायचा. मी बसले असताना एक मुलगा मोबाइलमध्ये वडिलांचा फोटो घेऊन आला. त्यात वडील शेतात, बनियनवर, हसत उभे. “कोट घाला आणि हसू थोडं कमी करा,” असं तो म्हणाला आणि तोंड फिरवून बाहेर जाऊन उभा राहिला. अशा वेळी भाईंनी त्याच्याशी खरं-खोटं यावर चर्चा करायची का?

आता कामाच्या दोन तऱ्हा. एक, फोटो स्कॅन करून तयार एआय अ‍ॅपमध्ये टाकायचा. पाच मिनिटांत चेहरा धारदार होऊन येतो. त्याचे भाई दीडशे रुपये घेतात. दुसरी, फोटोशॉपमध्ये हाताने एकेक ठिपका काढायचा. त्याला तीन-चार तास जातात आणि सातशे रुपये पडतात. गिऱ्हाईक काय निवडणार हे सांगायला नको. मीही विचारलं नव्हतं. “किती होतील?” एवढंच विचारलं होतं. चूक निम्मी माझी होती.

मग त्यांनी मला डाग ओळखायला शिकवलं, आणि मला वाटतं हे प्रत्येकाला यावं. कागदावरचा डाग सपाट असतो. तो चेहऱ्याच्या कडेपाशी थांबत नाही. गालावरून निघून मागच्या भिंतीवर जातो, कारण त्याला गाल आणि भिंत यांतला फरक कळत नाही. त्वचेवरच्या व्रणाला मात्र खोली असते. फोटो काढताना ज्या बाजूने उजेड आला, त्याप्रमाणे खड्ड्याची एक कड उजळ आणि दुसरी गडद दिसते. तोच उजेड नाकाला आणि हनुवटीलाही लागलेला असतो. पणजीच्या फोटोत खिडकी उजवीकडे होती. तिच्या गालावरच्या प्रत्येक व्रणाची सावली त्याच हिशोबाने पडली होती. बुरशीच्या ठिपक्यांना अशी सावली नव्हती, आणि तसेच ठिपके खुर्चीच्या पाठीवरही होते.

पिवळेपणाचंही तसंच. जुना फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा थर आणि त्या थरात चांदीचे कण. डेव्हलप केल्यावर फोटो पक्का करायला हायपो वापरत. तो पाण्याने नीट धुतला गेला नसेल तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. पुरात जिलेटिन फुगतं, मऊ होतं आणि समोरच्या काचेला किंवा दुसऱ्या फोटोला चिकटतं. म्हणून काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करायचा, कारण पिवळा डाग निळ्या चॅनलमध्ये सगळ्यात जास्त दिसतो आणि लाल चॅनलमध्ये सगळ्यात कमी. लाल चॅनल घेतला की निम्मा डाग आपोआप हलका होतो, चेहऱ्याला हातही लावावा लागत नाही. भाईंनी हे करून दाखवलं तेव्हा मी टाळी वाजवायची बाकी होते.

मूळ फोटो तरी किती मूळ?

इथे कुणी म्हणेल, की म्हणजे तू बदलाच्याच विरुद्ध आहेस. नाही. तसं म्हणणं म्हणजे आपल्याकडच्या फोटोचा इतिहासच नाकारणं.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सुरुवातीच्या आपल्या छायाचित्रकारांपैकी एक. तेव्हापासून आपल्याकडे फोटो आणि चित्र यांची सरमिसळ चाललेली आहे. संस्थानिकांच्या फोटोंवर रंगकाम होई. दागिने आणि भरजरी कपडे असे रंगवत, की खाली फोटो आहे हे शोधावं लागे. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत मोठा स्टुडिओ काढला, त्या काळी फोटो रंगवून देणारे कलाकार स्टुडिओत असणं ही नेहमीची गोष्ट होती. ख्रिस्तोफर पिनी या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातल्या नागदा गावातल्या स्टुडिओंचा अभ्यास करून १९९७ मध्ये ‘कॅमेरा इंडिका’ हे पुस्तक लिहिलं. आपल्याकडे लोक फोटोकडून जसंच्या तसं रूप मागत नाहीत, आपण जसे असायला हवे होतो तसं रूप मागतात, हे त्यात नीट दिसतं.

इतकंच काय, फोटोशॉप १९९० मध्ये आलं म्हणून खाडाखोड सुरू झाली असंही नाही. भाई त्यांच्या वडिलांबद्दल सांगत होते. ते उजेडासमोर निगेटिव्ह धरून तिच्यावर टोकदार पेन्सिलीने काम करत. सुरकुती प्रिंटवर काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हवर ती पारदर्शक असते. तिथे पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की प्रिंटवर सुरकुती फिकी होते. म्हणजे १९५६ मध्ये वसईच्या कुणा फोटोग्राफरने पणजीचे काही व्रण आधीच कमी केले असण्याची शक्यता आहेच! जे आम्ही ‘मूळ’ म्हणून कवटाळतोय, ते तरी किती मूळ?

हे कळल्यावर मी थोडी हिरमुसले. पण मग लक्षात आलं, फरक आहे. तो फोटोग्राफर पणजीसमोर उभा होता. त्याने तिला पाहिलं होतं. किती ठेवायचं, किती झाकायचं हे त्याने तिच्यासमोर ठरवलं. तिने मान डावीकडे वळवली, पदर पुढे घेतला, हा तिचा निर्णय होता. आज अ‍ॅपमध्ये जे झालं ते ना तिच्यासमोर झालं, ना तिला ओळखणाऱ्या कुणासमोर.

आमच्या बिल्डिंगमध्ये खानदेशातून आलेल्या एक मावशी राहतात. त्यांच्या बाहेरच्या खोलीत त्यांचा आणि यजमानांचा जोडीचा फोटो आहे. यजमान तरुणपणीच गेले. दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता, म्हणून दोन वेगळ्या फोटोंतून तो जोडून घेतला. त्यात यजमान पंचविशीचे आणि मावशी पन्नाशीच्या दिसतात. त्या स्वतःच हसून सांगतात, “माझा पोरगा शोभतो बघ तो.” त्या फोटोला मी खोटा कसा म्हणू? त्यात फसवणूक नाही, कारण जोडणारीला जोड माहीत आहे. माझी काळजी त्यांच्या नातवंडांबद्दल आहे. वीस वर्षांनी तो फोटो बघून त्यांना काय कळणार?

यंत्र चेहरा आणतं कुठून?

एआय फोटो ‘साफ’ करतं असं आपण म्हणतो, तिथेच शब्द चुकतो. पुसट फोटोत डोळ्याच्या जागी जेमतेम चार ठिपके असतील तर त्यातून पापण्या परत मिळत नाहीत, कारण त्या तिथे नोंदल्याच गेलेल्या नाहीत. यंत्राने शिकताना हजारो चेहरे पाहिलेले असतात. त्यावरून ते शोभेलसा डोळा काढून बसवतं. म्हणजे ती दुरुस्ती नाही, अंदाज आहे.

२०२० मध्ये याचं एक उदाहरण जगभर गाजलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाचं, पुसट चेहऱ्यावरून स्पष्ट चेहरा बनवणारं तंत्र काढलं. कुणीतरी त्यात बराक ओबामांचा पुसट केलेला फोटो टाकला. मूळ पुसट फोटो आपण कुणीही ओळखला असता. यंत्रातून मात्र एक गोरा माणूस बाहेर आला. यंत्राने जे चेहरे जास्त पाहिले होते, त्याच वळणाचा चेहरा त्याने दिला.

आता विचार करा, देवीचे व्रण असलेला चेहरा त्याने किती पाहिला असेल? भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. ही माणसाच्या इतिहासातली फार मोठी आनंदाची गोष्ट. पण त्याचा अर्थ असा, की तसा चेहरा आज रस्त्यावर तरुण माणसात दिसत नाही आणि इंटरनेटवरून गोळा केलेल्या फोटोंतही क्वचितच असणार. यंत्राच्या लेखी तो चेहरा नाहीच, तो बिघाड आहे. माझ्या पणजीला जे सोसून उठता आलं, ते त्याने बिघाड समजून काढून टाकलं.

आणि हे घरापुरतं राहिलं नाही तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. कंबोडियात ख्मेर रूजच्या राजवटीत तुओल स्लेंगच्या तुरुंगात हजारो माणसांना मारण्याआधी त्यांचे फोटो काढले गेले. एप्रिल २०२१ मध्ये आयर्लंडमधल्या एका कलाकाराने रंगीत केलेले असे काही फोटो ‘व्हाइस’ने छापले, आणि त्यांतल्या काही चेहऱ्यांवर हसू घातलेलं होतं. कंबोडियाच्या सरकारने आणि मृतांच्या घरच्यांनी संताप व्यक्त केला, लेख काढून टाकावा लागला. कोपरा भरणं, ओघळ काढणं इथपर्यंत आपण कागदाची सेवा करतो. ओठांचा कोपरा वर केला की आपण त्या माणसाच्या वतीने बोलायला लागतो. वडिलांचं हसू कमी करायला सांगणारा तो मुलगा मला इथे परत आठवतो. त्याचं दुःख खरं होतं. तरी मला वाटतं, त्याने शेतातला तो हसरा फोटो मोबाइलमधून पुसू नये.

उलट उदाहरणही आहे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये चिखलात सापडलेले फोटो स्वयंसेवकांनी मऊ ब्रशने, पाण्याने धुतले, दोऱ्यांवर वाळत घातले. फुजीफिल्म कंपनीनेही यात मदत केली. हे लाखो फोटो मोठ्या हॉलमध्ये मांडून ठेवले, की लोकांनी यावं आणि आपली माणसं शोधून न्यावीत. तिथे कुणी कुणाला सुंदर केलं नाही. ज्याचं त्याला परत दिलं. माझ्या मते दुरुस्तीचा अर्थ हाच.

आत्याचा मुद्दा

मी हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “तुला काय माहीत, तिला ते व्रण दाखवायचे होते की नाही? आयुष्यभर पदर पुढे ओढून चालली ती. मेल्यावर तरी तिला सुंदर दिसू दे.”

या मुद्द्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. मेलेल्या माणसाची परवानगी घेता येत नाही, आणि व्रण ठेवायचा माझा हट्टही तिच्या वतीने बोलणंच आहे. एकविसाव्या वर्षी, चांगली त्वचा घेऊन, दुसऱ्याच्या व्रणांचं कौतुक करणं सोपं असतं.

शेवटी निकाल आजीने दिला. ती म्हणाली, “मला ताप आला की मी तिच्या गालावर हात ठेवून झोपायचे. खडबडीत लागायचा. तो गाल कुठे गेला?” आत्या पलीकडे बराच वेळ गप्प होती.

मला योहानाच्या शुभवर्तमानातला थोमा आठवला. पुनरुत्थान झालेला प्रभू त्याला भेटतो तेव्हा हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच असतात. मृत्यूवर विजय मिळवलेल्या देहावरून ते पुसले गेले नाहीत, आणि थोमाची ओळख पटली ती त्या व्रणांवरूनच. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे शंभरदा ऐकलं असेल. त्याचा अर्थ फोटो स्टुडिओत कळेल असं वाटलं नव्हतं.

मग करायचं काय?

मोठं काही नाही. चार गोष्टी.

मूळ फोटो कधीच टाकायचा नाही आणि लॅमिनेट तर मुळीच करायचा नाही. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक परत निघत नाही. घरी ओल्या फडक्याने पुसायचा नाही. आधी सहाशे डीपीआयवर रंगीत स्कॅन करून घ्यायचा, आणि फोटोची पाठही स्कॅन करायची. पाठीवर शिक्का असतो, तारीख असते, कुणाचं तरी अक्षर असतं. अ‍ॅपवाले पाठ मागत नाहीत, म्हणून ती आपण विसरतो.

दुकानात देताना, त्या माणसाला ओळखणारं कुणी घरात असेल तर त्यांच्यासोबत बसून एक चिठ्ठी करायची. तीळ कुठे होता, दात कुठला पडला होता, एक डोळा बारीक होता का. दुकानदाराला हे सांगितलं तर तो ते ठेवतो. न सांगता त्याला कळायचं कसं?

हाताच्या कामाचे पैसे द्यायचे. पणजीचा फोटो भाईंनी पुन्हा केला, यावेळी हाताने, दोन दुपारी खर्चून. आजी शेजारी खुर्ची घेऊन बसली होती. “हा ठेवा, हा काढा,” असं ती गुजरातीत सांगत होती आणि भाई एकेक ठिपका मोठा करून तिला दाखवत होते. त्याचे त्यांनी पूर्ण सातशे घेतले आणि मला ते बरोबरच वाटलं. असं काम मागणारेच उरले नाहीत तर ते करणारेही उरणार नाहीत.

आणि चौथी गोष्ट, सगळ्यात सोपी. जे बदललं ते पाठीवर लिहायचं. ‘मायहेरिटेज’ ही वंशावळीची वेबसाइट रंगीत केलेल्या फोटोच्या कोपऱ्यात छोटी खूण उमटवते, की रंग नंतर भरलेत. एवढ्या मोठ्या कंपनीला ते जमतं, तर आपल्याला मऊ पेन्सिलीने एक ओळ लिहायला काय हरकत आहे? मावशींच्या फोटोमागे मी त्यांच्याच सांगण्यावरून लिहून दिलं, ‘दोन फोटोंतून जोडलेला’. त्यांनी खाली सही केली.

फोटोबरोबर गोष्ट जपणं किती मोलाचं आहे, हे मुंबईच्या अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये पाहायला मिळतं. लोकांच्या घरचे जुने फोटो आणि त्यामागची हकिगत तिथे एकत्र ठेवली जाते. आपल्या मंडळाला असं काही छोट्या प्रमाणावर करता येईल असं मला वाटतं. पुढच्या सुट्टीत प्रत्येकाने घरातला एकच जुना फोटो काढावा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसावं, आणि तो कुणाचा, कुठला, कधीचा हे विचारून लिहून आणावं. पुढच्या अंकात आपण ते छापू. आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत. पाठभेद, मूळ संहिता, संपादकाची टीप हे सगळं आपण वर्गात शिकतोच. घरातल्या भिंतीवर ते लागू करायला काय हरकत आहे?

२ नोव्हेंबरला आम्ही वसईला गेलो. नव्या दगडावर व्रण असलेली पणजी आहे. दुसरी, गुळगुळीत गालांची प्रिंट आत्याने मागून घेतली, तिला ती आवडते. मी ती दिली. देण्याआधी पाठीवर लिहिलं, ‘मूळ फोटो १९५६. एआय वापरून बदललेला. गालांवर देवीचे व्रण होते.’ आत्याने ते वाचलं, काही बोलली नाही, आणि फोटो पर्समध्ये ठेवला.